गाभ्यातली अडगळ

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची सूची संगणकावर चढली ती १९९४ ते १९९७ या काळात. तेव्हाचे ग्रंथपाल संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर तासभर बसत आणि एका बोटाने टंकत. अशा रीतीने त्यांनी साडेनऊ हजार पुस्तकांच्या नोंदी केल्या. प्रोग्रॅम डॉसवर चालणारा, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला. देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवावे लागले असते, पण तेवढे पैसे वाचनालयाकडे नव्हते. म्हणून मराठी पुस्तकांची नावेसुद्धा रोमन अक्षरांत. प्रत्येक नोंदीला ‘शेरा’ असा एक रकाना होता. पुस्तक कोणी भेट दिले, कोणाच्या स्मरणार्थ दिले, हे त्यांनी त्यात लिहून ठेवले. ही माहिती दाखल नोंदवहीत नाही, दुसरीकडे कुठेच नाही. ते गृहस्थही आता हयात नाहीत.

२०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीने घाबरून जुना संगणक काढून नवा घेतला. नव्या संगणकावर सूचीचा प्रोग्रॅम उघडेना. ‘हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही’ अशा अर्थाचा एक थंड संदेश पडद्यावर येई. आत्ताच्या ग्रंथपाल ताईंनी मला विचारले, “काका, इतकी वर्षं चालत होतं ते काढून टाकून कंपनीला काय मिळालं?”

मला उत्तर देता आले नाही. मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी हिशेबखात्यात. संगणक शिकलो तो मशीन उघडून आणि हाती लागतील ती मॅन्युअल वाचून. पण ताईंचा प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचा माग काढता काढता मी पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकन अहवालांपर्यंत जाऊन पोहोचलो. या लेखात त्या शोधाची हकिकत आहे.

आधी थोडी ओळख. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी आतल्या भागाला कर्नल म्हणतात, म्हणजे गाभा. स्मृती कोणाला किती द्यायची, डिस्कवर कोण लिहिणार, नेटवर्कवरून आलेला मजकूर कोणाकडे पोहोचवायचा, हे सगळे कर्नल ठरवतो. एखाद्या वाड्यात किल्ल्यांचा जुडगा एकाच कारभाऱ्याच्या कमरेला असावा, तसा त्याचा अधिकार. आपण वापरतो ते प्रोग्रॅम बाहेरच्या सोप्यात बसलेले असतात. त्यांना काही हवे असले की ते ठरावीक खिडकीतून कारभाऱ्याकडे मागणी करतात. या खिडक्यांना सिस्टीम कॉल म्हणतात. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक असली तर नुकसान बहुधा त्या प्रोग्रॅमपुरते, फार तर तो वापरणाऱ्यापुरते राहते. कर्नलमधल्या चुकीचा कोणी फायदा घेतला तर जुडगाच त्याच्या हाती जातो.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती समजायला मला वेळ लागला. कर्नलमध्ये असलेली प्रत्येक सोय, आपण ती वापरत असू वा नसू, तिजोरीच्या खोलीत उघडणारे एक दार असते. समोरचा दिंडी दरवाजा रोज उघडतो-मिटतो, त्याची बिजागरी करकरली तर कोणीतरी तेल घालते. परसातल्या ज्या दाराने वीस वर्षांत कोणी गेलेले नाही, त्याची कडी गंजून निखळली तरी घरच्यांना पत्ता लागत नाही. तो लागतो बाहेरून वाड्याभोवती फिरून प्रत्येक दार ढकलून पाहणाऱ्याला.

हा विचार पहिल्यांदा नीट मांडला गेला तो ‘मल्टिक्स’ या सिस्टीमच्या संदर्भात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर मिळून हे काम हाती घेतले. एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे आणि तरीही एकाचे कागद दुसऱ्याला दिसू नयेत, ही कल्पना. बेल लॅब्ज १९६९ मध्ये यातून बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी पुढे युनिक्स घडवली. मल्टिक्सचे काम मात्र चालू राहिले. तिच्यात अधिकारांची कडी होती, एकात एक. सगळ्यांत आतली कडी शून्य क्रमांकाची. गाभ्याचा कोड तिथे चाले.

अमेरिकी हवाई दलाला गोपनीय माहिती अशा सामाईक संगणकावर ठेवायची होती. त्यांच्यासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये एक अहवाल तयार केला. राखणदारी करणाऱ्या यंत्रणेसाठी त्यात तीन अटी होत्या. तिच्यात कोणाला ढवळाढवळ करता येता कामा नये; तिला वळसा घालून जाता येता कामा नये; आणि ती इतकी लहान असली पाहिजे की तिची संपूर्ण तपासणी माणसाला करता यावी. या तिसऱ्या अटीपाशी मी बराच वेळ थांबलो. सुरक्षितता म्हटली की आपण कुलपे वाढवतो. इथे सांगितले जात होते की जे तपासून संपत नाही त्याची हमी कोणी देऊ शकत नाही, म्हणून आधी पसारा आवरा.

१९७४ मध्ये हवाई दलाचेच पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी मल्टिक्समध्ये शिरून दाखवले आणि त्याचा अहवाल लिहिला. इतर सिस्टीमपेक्षा मल्टिक्स पुष्कळ बरी, पण तीही फुटते, हे त्यांनी सिद्ध केले. त्याच सुमारास एमआयटीत जेरोम सॉल्टझर, मायकेल श्रोडर, डेव्हिड क्लार्क आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक वेगळाच उद्योग आरंभला होता. आतल्या कडीत जे काही आहे त्यातली एकेक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचे, ‘ही इथे असायलाच हवी का?’

फिलिप जॅन्सन या विद्यार्थ्याचा १९७४ चा प्रबंध याच प्रश्नावर आहे. त्याने हातात घेतला तो ‘लिंकर’. प्रोग्रॅम चालू असताना त्याला लागणारे दुसरे तुकडे शोधून जोडून देणे हे लिंकरचे काम. मल्टिक्सच्या घडणीत तो सोयीसाठी गाभ्यात जाऊन बसला होता. पण हे काम करताना त्याला वापरणाऱ्याने तयार केलेली फाइल वाचावी लागे. मुद्दाम वेडीवाकडी फाइल पुढे केली की गाभ्याच्या अधिकाराने चालणारा लिंकर गोंधळे. जॅन्सनने दाखवले की लिंकरला या अधिकाराची गरजच नाही. तो बाहेरच्या कडीत, वापरणाऱ्याच्याच पातळीवर तेच काम करू शकतो. तिथे तो चुकला तर फटका त्या वापरणाऱ्यालाच बसेल. पुढे नावांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचा मोठा भागही असाच बाहेर काढता येतो, हे रिचर्ड ब्रॅट यांनी दाखवले. १९७७ मध्ये प्रकल्पाचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा गाभा साधारण निम्म्यावर आणता येईल असा त्यांचा अंदाज होता. मधल्या काळात, १९७५ साली, सॉल्टझर आणि श्रोडर यांनी लिहिलेल्या निबंधात यंत्रणा जेवढी साधी ठेवता येईल तेवढी ठेवा आणि प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्या, ही तत्त्वे आली. संगणक-सुरक्षेच्या वर्गात ती आजही शिकवतात.

मल्टिक्सचा शेवटचा संगणक कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झाला. तोपर्यंत जग उलट दिशेने बरेच पुढे गेले होते. गाभे फुगत होते. यामागे नुसता निष्काळजीपणा होता असे मला वाटत नाही. कर्नलच्या आत आणि बाहेर ये-जा करण्यात वेळ जातो, म्हणून वेगासाठी कामे आत ढकलली जातात. मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये पडद्यावर चित्र काढण्याचा मोठा भाग कर्नलमध्ये नेला तो याच कारणाने. दुसरे कारण गिऱ्हाईक. काल चाललेला प्रोग्रॅम आजही चालला पाहिजे, हे वचन पाळले नाही तर कोणी नवी आवृत्ती घेत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा तर हा कडक दंडक आहे, की कर्नल बदलल्याने वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम मोडता कामा नयेत. त्यामुळे आत जाणाऱ्या गोष्टींची रांग मोठी आणि बाहेर पडणाऱ्यांची अगदी तुरळक.

आमच्या सूचीचा प्रोग्रॅम इतकी वर्षे चालला तो या वचनावरच. १९९३ मध्ये विंडोज एनटीची पहिली आवृत्ती आली, तिच्यात डॉसचे जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून एक सोय होती. इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरपासून एक खास पद्धत मिळत होती; तिच्यात प्रोसेसर जुन्या ८०८६ चे सोंग घेई. डॉसच्या प्रोग्रॅमला वाटे की संगणक आपल्या एकट्याचा आहे. हे नाटक वठवायला कर्नलच्या आतूनही मदत लागे, आणि त्या मदतीचा कोड आवृत्तीमागून आवृत्ती तसाच पुढे येत राहिला.

गूगलमध्ये काम करणाऱ्या टॅव्हिस ऑरमंडी या संशोधकाला त्या कोडमध्ये एक चूक सापडली. २००९ मध्ये त्याने ती मायक्रोसॉफ्टला कळवली आणि २०१० च्या जानेवारीत जाहीर केली. तिचा फायदा घेऊन साधा वापरकर्ताही संगणकाचा सर्वाधिकारी होऊ शकत होता. १९९३ च्या एनटीपासून २००९ च्या विंडोज ७ पर्यंत सगळ्या ३२-बिट आवृत्त्यांत ती होती, म्हणजे चूक जवळपास सतरा वर्षांची. तोवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारे थोडेच उरले होते, पण दार सगळ्यांच्या घराला होते. दुरुस्ती पुढच्याच महिन्यात आली. तोपर्यंत काय करावे यावरचा त्याचा सल्ला सोपा होता : १६-बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोय बंद करून टाका, बहुतेकांना फरकही जाणवणार नाही.

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण सारे जाणतो. ज्या कड्यावरून कोणी उतरू शकणार नाही असे गृहीत धरलेले होते, तिथून एक बाई तान्ह्या लेकरासाठी उतरून गेली, आणि मग तिथे बुरूज बांधला गेला. असे शोधक गडाला लाभणे ही भाग्याची गोष्ट. पण हिरकणीच्या आधी तिथून कोण उतरले असेल, याचा जबाब कुणापाशीच नसतो.

आता एक कबुली. ऑरमंडीचा तो सल्ला मी तेव्हाच वाचला होता. वाचनालयाचा संगणक मीच सांभाळत असे. सोय बंद करायला दोन मिनिटे लागली असती. मी ती केली नाही, कारण सूची बंद पडली असती. ‘बहुतेकांना’ फरक पडणार नव्हता, आम्हाला पडत होता. त्या संगणकावर सभासदांची नावे-पत्ते होते, लोक त्यावर सरकारी अर्ज भरत. काही विपरीत घडले नाही. पण यात माझी हुशारी काही नाही.

२०१७ ने हा धडा साऱ्या जगाला दिला. विंडोजमध्ये संगणकांनी आपसात फाइली वाटून घेण्याची एक जुनी भाषा होती, एसएमबीची पहिली आवृत्ती. तिचे मूळ १९८० च्या दशकातले. नंतर चांगल्या आवृत्त्या आल्या. मायक्रोसॉफ्टने पहिली कालबाह्य ठरवली, तिथले तंत्रज्ञ ‘ती वापरणे थांबवा’ असे कळकळीने सांगत राहिले. तरी ती आत राहिली, चालू राहिली. तिची मागणी ऐकणारा कोड कर्नलमध्ये होता. त्यातल्या चुकीचा फायदा घेणारे अमेरिकी हेरखात्याचे हत्यार चोरीला जाऊन उघड्यावर आले. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण असंख्य संगणकांवर ती पोहोचली नव्हती. १२ मे रोजी वॉनाक्राय पसरले आणि दीडशेहून अधिक देशांत पोहोचले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आले. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघालेल्या या आगीची झळ मर्स्क या जहाज कंपनीमार्फत थेट आपल्या न्हावा-शेवापर्यंत आली. जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहातील कंपनी चालवत असलेल्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नॉटपेट्या फक्त त्या जुन्या दारातून शिरले नव्हते. एका संगणकावरचे पासवर्ड चोरून ते दुसऱ्यावर रीतसर आत जात होते. त्यामुळे परसदार चिणले की वाडा सुरक्षित झाला, असा हिशेब कोणी मांडू नये. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीत नव्याने बसवताना ती पहिली एसएमबी आपोआप येणे बंद झाले. हे पाऊल आधी उचलले असते तर वॉनाक्रायला पसरायला इतके मोकळे रान मिळाले नसते.

लिनक्सची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे काय काढले आणि का काढले हे सगळे उघड्यावर घडते. २०१२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ३८६ प्रोसेसरचा आधार काढून टाकला. टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये पहिले लिनक्स लिहिले ते ३८६ वरच! २०१७ च्या फेब्रुवारीत आंद्रेई कोनोवालोव्ह यांना डीसीसीपी या नेटवर्क-पद्धतीच्या कोडमध्ये एक चूक सापडली. ती किमान २००६ पासून तिथे होती. आपण डीसीसीपी हे नाव ऐकलेले नसेल, तर त्यात नवल नाही. ती पद्धत कधी रुळलीच नाही. तरीही अनेक लिनक्स संगणकांवर ती उपलब्ध होती आणि साध्या वापरकर्त्याने मागितली की कर्नल तिचा कोड आपणहून आत घेई. २०२३ मध्ये ती काढण्याची आगाऊ सूचना दिली गेली, आणि कोणी दावेदार पुढे न आल्याने २०२५ मध्ये ती काढून टाकली.

कर्नलमधले किती आपल्याला लागते, याचे मोजमापही झाले आहे. अनिल कुर्मुस आणि त्यांच्या जर्मनीतल्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक निबंध सादर केला. तेव्हा लिनक्समध्ये अकरा हजारांहून अधिक पर्यायी सोयी होत्या. त्यांनी एक संगणक वेबसर्व्हर म्हणून चालवला, दुसरा कार्यालयीन कामाचा म्हणून, आणि कामाच्या ओघात कर्नलचा कोणता भाग खरोखर जागा होतो याची नोंद ठेवली. मग तेवढ्याच सोयी ठेवून कर्नल पुन्हा बांधला. मोजण्याची पद्धत बदलेल तसा आकडा बदलत होता, पण हल्ल्याला उघडा असलेला भाग ५० ते ८५ टक्क्यांनी घटला. अँड्रॉइडने २०१७ मध्ये दुसरी वाट धरली : कोड आत राहू दिला, पण खिडक्या मिटल्या. ६४-बिट फोनवर २७१ पैकी १७ आणि ३२-बिटवर ३६४ पैकी ७० सिस्टीम कॉल अ‍ॅपना बंद केले गेले.

हे सारे वाचताना ताईंचा प्रश्न पाठ सोडत नव्हता. ‘वापरात नाही’ हे ठरवते कोण? कुर्मुस यांच्या पद्धतीत जे नोंदीच्या काळात जागे झाले नाही ते निरुपयोगी. पण वर्षातून एकदाच लागणारी गोष्ट असते. दिवाळीच्या आवरासावरीत माळ्यावरून जे खाली येते, त्यातले काय भंगारात द्यायचे यावरून प्रत्येक घरात वाद होतो, आणि बहुधा ज्याची वस्तू असते तो त्या वेळी घरी नसतो. खेड्यातले वाचनालय कोणत्याच कंपनीच्या नोंदीत जागे झालेले दिसत नाही. आमची सूची कोणाच्या लेखी वापरात नव्हती. ६४-बिट विंडोजमध्ये डॉसची ती सोय आलीच नाही, याला प्रोसेसरचेही कारण होते. ६४-बिट पद्धतीत चालताना तो ८०८६ चे ते सोंग घेऊ शकत नाही. कारण काहीही असो, दार बंद झाले तेव्हा आमचे सामान आत होते.

उत्तर मला जॅन्सनच्या प्रबंधात मिळाले. त्याने लिंकर नष्ट केला नव्हता, बाहेरच्या कडीत नेऊन ठेवला होता. मल्टिक्सच्या त्या मंडळींचा प्रश्न ‘हे हवे की नको’ असा नव्हताच. ‘हे किल्ल्यांच्या खोलीत हवे का’ असा होता. मग डॉसला तिथे जागा कशाला हवी? २००२ पासून डॉसबॉक्स नावाचा एक मोफत प्रोग्रॅम मिळतो. हौशी मंडळींनी जुने खेळ खेळता यावेत म्हणून तो लिहिला. तो अख्खा जुना प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्येच उभा करतो आणि कर्नलकडे कसलाही खास अधिकार मागत नाही. तो गडबडला तर एक खिडकी बंद पडते, एवढेच.

जुन्या संगणकाची डिस्क काढून मी सूचीची फाइल नव्या संगणकावर आणली. डॉसबॉक्समध्ये प्रोग्रॅम उघडला. तोच निळा पडदा, तीच पिवळी अक्षरे. एका सुटीच्या दिवशी आम्ही सगळ्या नोंदी साध्या तक्त्यात उतरवून घेतल्या, आणि ताईंनी रोमन नावे देवनागरीत आणायला घेतली. जुन्या संगणकाची नेटवर्कची वायर मी स्वतः काढली. ते काम मी सात वर्षांपूर्वीच करायला हवे होते.

ताईंना मी सांगितले, की कंपनीला काय मिळाले ते ठाऊक नाही, पण आपल्याला एक दार कमी मिळाले. त्या हसल्या आणि पुढची नोंद वाचू लागल्या. एका शब्दकोशाच्या शेऱ्यात रोमन अक्षरांत लिहिले होते, ‘आईच्या पहिल्या वर्षश्राद्धानिमित्त, मुलांकडून’. खाली देणाऱ्यांची नावे होती. त्यांतले एक कुटुंब अजून वाचनालयासमोरच्याच आळीत राहते. ताईंनी तो शेरा देवनागरीत लिहिला आणि संध्याकाळी त्या घरी जाऊन दाखवून आल्या.